राउटर म्हणतो, जागा नाही

आमच्या आजीला कमी ऐकू येतं. कानाचं यंत्र आहे, पण ती ते डबीत ठेवते, कारण "त्यात भांड्याचा आवाज लई येतो." त्यामुळे तिच्याशी नुसत्या फोनवर बोलून भागत नाही, समोर चेहरा लागतो. ओठ हलताना दिसले की ती निम्मं ऐकते आणि निम्मं ओळखते. रोज रात्री आठ वाजता लातूरहून आईच्या मोबाइलवरून तिचा व्हिडिओ कॉल येतो. पाच-सात मिनिटांचाच. काय खाल्लंस, दादा कुठं आहे, तिकडं पाऊस आहे का. एवढं झालं की ती झोपायला मोकळी.

गेल्या महिन्यात हा कॉल सलग पाच दिवस मधेच तुटला. माझा चेहरा तिच्या पडद्यावर तोंड उघडं ठेवून गोठायचा आणि मग सगळंच बंद व्हायचं. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "लेकरा, सारखं फोन का ठिवायलीस?" मी ठेवत नाहीये हे मी तिला सांगितलं, पण नेमकं ते सांगतानाच पुन्हा तुटलं. सहाव्या दिवशी आठ वाजून गेले तरी कॉल आला नाही. मी आईला फोन केला तर आई म्हणाली, "आजी म्हणतीय, पोरीला काम असंल, उगं तरास नको."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. आणि म्हणून या वेळचा लेख पाककृतीचा नाही, राउटरचा आहे. कंटाळू नका, यात पाण्याच्या टाक्या आणि डास पण आहेत.

आधी थोडं घराबद्दल. दादा आणि मी चेन्नईच्या पश्चिमेला इरुंगाट्टुकोट्टैला राहतो. आजीला हे नाव कधीच जमलं नाही. ती "कोट्टा" म्हणते, आणि त्यामुळे आमच्या निम्म्या गल्लीला मी राजस्थानातल्या कोट्याला परीक्षेचा अभ्यास करायला गेलेय असं वाटतं. बंगळुरूच्या हायवेला लागून इथे सिपकॉटची औद्योगिक वसाहत आहे. ह्युंदाईचा मोठा कारखाना इथलाच, १९९८ साली पहिली सँट्रो इथून बाहेर पडली. त्याच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या आहेत. त्यातल्या एकीत दादा नोकरीला आहे. मी घरी बसून वेगवेगळ्या कंपन्यांसाठी मजकूर लिहिते, म्हणजे इंटरनेट हेच माझं ऑफिस.

दादानं दुकानातला राउटर वापरायला नकार दिला होता. एक जुना ऑफिसचा कॉम्प्युटर स्वस्तात आणला, त्यात जास्तीचं एक नेटवर्क कार्ड बसवलं आणि फ्रीबीएसडी नावाची युनिक्स घराण्यातली प्रणाली टाकली. एका कार्डाला इंटरनेट कंपनीची डबी जोडलेली, दुसऱ्याला घरातलं वाय-फाय. मधे बसून हा कॉम्प्युटर इकडचं तिकडं देतो. दोन वर्षं कुरकुर न करता चालला. मग कंपनीनं दादाला तीन आठवड्यांसाठी दक्षिण कोरियाला पाठवलं, आणि तो गेल्यानंतर आठवडाभरात हे सुरू झालं. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. आपले रात्रीचे आठ म्हणजे त्याचे साडेअकरा. मी फोन करायचे तेव्हा तो अर्धा झोपेत असायचा.

पहिला आठवडा मी तेच केलं जे तुम्ही केलं असतं. राउटर बंद केला, दहापर्यंत मोजलं, चालू केला. चालायचा! वीस मिनिटं. मग पुन्हा तेच. इंटरनेट कंपनीच्या माणसाला फोन केला, तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडून सगळं हिरवं दिसतंय." मला राग आला. आता वाटतं, तो खोटं बोलत नव्हता.

कारण शेवटी मी दादाच्या वहीत बघून राउटरमध्येच शिरले आणि तिथून बाहेर पिंग मारून पाहिलं. पिंग म्हणजे हाक मारून बघणं: एक छोटंसं पाकीट पाठवायचं आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. माझ्या लॅपटॉपवरून राउटरला हाक मारली तर उत्तर लगेच. म्हणजे घरातलं वाय-फाय ठीक. राउटरवरून बाहेरच्या जगाला हाक मारली, तर उत्तर नाही, 'वेळ संपला' असंही नाही, उलट एक ओळ पुन्हा पुन्हा येत राहिली:

"सेंडटू: नो बफर स्पेस अव्हेलेबल."

इंग्रजीत बी.ए. केल्याचा इथे उपयोग शून्य. बफर म्हणजे मला इतिहासातलं 'बफर स्टेट' माहीत होतं, आणि रेल्वेच्या डब्यांना पुढे-मागे असतात ती दोन गोल लोखंडी तोंडं. धक्का सोसणारी वस्तू. बाकी 'बफरिंग' म्हणजे सिनेमा अडकला की फिरणारं चाक. इथे तर मशीन सरळ म्हणत होतं, बफरला जागा शिल्लक नाही. मग जागा वाढवू या!

दादाला उठवलं. तो म्हणाला, "वहीच्या शेवटच्या पानावर एक आकडा आहे, एनएमबीक्लस्टर्स. तो दहा लाख कर आणि झोपू दे." केला. मशीन पुन्हा चालू केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच ओळ.

आता हा दहा लाखांचा उपाय कशाचा आहे ते सांगते, कारण तो चुकीचा नाही, फक्त दुसऱ्या आजाराचा आहे. युनिक्सच्या या घराण्यात नेटवर्कवरून येणारी-जाणारी प्रत्येक गोष्ट मेमरीतल्या छोट्या खणांमध्ये ठेवली जाते. त्या खणाला एमबफ म्हणतात. एक खण २५६ बाइटचा. त्यात मावलं नाही तर २०४८ बाइटचा मोठा डबा जोडतात, त्याला क्लस्टर म्हणतात. ही रचना बर्कली विद्यापीठात १९८० नंतरच्या काही वर्षांत तयार झाली आणि आजही जवळपास तशीच चालते. असे मोठे डबे जास्तीत जास्त किती घ्यायचे त्याची मर्यादा म्हणजे तो वहीतला आकडा. दहा लाख डबे म्हणजे साधारण दोन जीबी मेमरी. आमच्या मशीनमध्ये चार आहे, म्हणून निभावलं. एक जीबीच्या मशीनवर हाच आकडा डोळे मिटून टाकला असता तर नवीन दुखणं मागे लागलं असतं.

खरोखर डबे संपतात का? संपतात. एकाच कार्डात अनेक रांगा असणारी महागडी कार्डं सुरुवातीलाच खूप डबे अडवून ठेवतात. कधी एखाद्या ड्रायव्हरमध्ये गळती असते, घेतलेला डबा तो परतच करत नाही. पण ते तपासायला एक साधी आज्ञा आहे, 'नेटस्टॅट', आणि त्यापुढे एक छोटी आडवी रेघ व 'एम'. ती सांगते किती खण वापरात आहेत, किती शिल्लक, आणि सगळ्यात महत्त्वाचं, किती वेळा कोणी खण मागितला आणि त्याला नकार मिळाला. माझ्याकडे नकारांचा आकडा होता शून्य. काही हजार डबे वापरात, लाखो रिकामे. आणि तरी मशीन म्हणतंय, जागा नाही.

तेव्हा मला लातूर आठवलं.

२०१६च्या उन्हाळ्यात मी शाळेत होते. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. आम्ही ते पाणी नळात यायची वाट बघत होतो. घरात जेवढी भांडी तेवढ्या टाक्या. पातेली, कळश्या, बादल्या, बाळाच्या आंघोळीचा टब, सगळं भरून ठेवलेलं. ज्यांनी तो उन्हाळा काढला त्यांना साठवण म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. आणि इथे आले तर २०१९मध्ये जोलारपेट्टैहून चेन्नईला पण पाण्याची रेल्वे आणावी लागली होती हे कळलं. मी म्हटलं, चला, माहेरचं माणूस भेटलं.

आमच्या इथल्या घराखाली सिमेंटची मोठी टाकी आहे. इथे तिला संप म्हणतात. तण्णी लॉरी, म्हणजे पाण्याचा टँकर, येतो आणि संपात पाणी ओततो. मोटर लावली की ते पाणी गच्चीवरच्या टाकीत चढतं, आणि तिथून नळाला. मागे एकदा मोटर जळाली होती. नळाला थेंब नाही, आणि टँकरवाला खाली उभा राहून ओरडतोय की संप भरलाय, जागा नाही, पुढे निघतो. आता या माणसाच्या बोलण्यावरून कोणी 'संप लहान आहे, मोठा बांधा' असं म्हणेल का? जागा नाही हे खरं. पण जागा नाही, कारण पाणी वर चढत नाहीये.

राउटरमधला संप म्हणजे बाहेर जाणाऱ्या कार्डाची रांग. मेमरीत जागा भरपूर असली तरी या रांगेला स्वतःची मर्यादा असते. रांग भरली की मशीन पुढच्या पाकिटाला नकार देतं, आणि त्या नकारासाठी युनिक्समध्ये तोच जुना शब्दप्रयोग वापरला जातो: बफरला जागा नाही. खण संपले तरी हेच वाक्य आणि रांग तुंबली तरी हेच. टँकरवाला आणि हॉटेलचा मॅनेजर दोघंही 'जागा नाही'च म्हणतात, तसं.

किती वेळात तुंबते? आमची अपलोडची गती सेकंदाला दहा मेगाबिट. पूर्ण भरलेलं एक पाकीट पंधराशे बाइटचं, म्हणजे बारा हजार बिट. भागून बघा, सेकंदाला आठशेच्या आसपास पाकिटं जातात. काहीशे पाकिटांची रांग असेल आणि दार बंद झालं, तर एका सेकंदाच्या आत ती भरते. मोठी केली तर तीन सेकंदांत भरेल. आजीला काय फरक पडणार!

आणखी एक गोष्ट या वाक्यानं सांगितली होती आणि माझ्या लक्षात यायला उशीर झाला. ही तक्रार माझ्याच मशीनची होती. पाकीट घराबाहेर पडलंच नव्हतं. त्या इंटरनेट कंपनीच्या माणसाला काही दिसत नव्हतं, कारण त्याच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं.

मग प्रश्न एकच उरला: मोटर का बंद पडतेय, आणि तीही रोज संध्याकाळीच?

संध्याकाळ म्हटल्यावर माझा पहिला संशय गर्दीवर. सगळे ऑफिसातून, कारखान्यातून घरी येतात, मालिका लावतात, लाइन तुंबते. हे इतकं पटण्यासारखं होतं की मी दोन दिवस दुसरा विचारच केला नाही. दादाही म्हणाला, असेल. पण गर्दी असती तर वेग हळूहळू उतरला असता, सात वाजता थोडा, नऊला जास्त, अकराला ठीक. इथे तसं नव्हतं. इथे एकदम जायचं आणि एकदम यायचं.

मी नेटस्टॅटचीच दुसरी आज्ञा चालवली, 'एम'च्या जागी 'आय'. ती प्रत्येक कार्डाचा हिशोब देते: किती आलं, किती गेलं, किती चुकलं. घराकडच्या कार्डात चुका शून्य. बाहेरच्या कार्डात पाठवताना झालेल्या चुका चारशेच्या वर, आणि मी बघत असतानाच आकडा वाढत होता. इथे माझी एक चूक कबूल करते. आदल्या आठवड्यात मी रोज राउटर बंद-चालू करत होते, आणि प्रत्येक वेळी हे आकडे पुसून शून्यावर येत होते. रोग्याला डॉक्टरकडे न्यायच्या आधी रोज त्याचा ताप पुसून टाकल्यासारखं. बंद-चालू केल्यावर बरं वाटायचं ते एवढ्याचसाठी, की तुंबलेली रांग रिकामी व्हायची.

मग लॉग उघडला, म्हणजे मशीनची रोजनिशी. त्यात ओळीच्या ओळी: लिंक डाउन, लिंक अप. मधेच 'वॉचडॉग टाइमआउट', म्हणजे कार्डाला काम दिलं आणि ते ठरलेल्या वेळेत परत आलंच नाही, म्हणून राखणदार भुंकला. मी वहीत वेळा उतरवून काढल्या. सोमवारी पहिली नोंद ६.३४. मंगळवारी ६.४०. बुधवारी ६.३१. गुरुवारी ६.३८. त्याआधी दिवसभर एकही नाही. शनिवारी मात्र अख्खी संध्याकाळ स्वच्छ, एकही ओळ नाही.

शनिवारी काय होतं? शनिवारी वीज गेली होती. राउटर इन्व्हर्टरवर चालू, पण पंखा बंद, उकाडा असह्य, म्हणून मी डास चावून घेत बाल्कनीची खिडकी सताड उघडी टाकली होती.

इथे संध्याकाळी साडेसहाला खिडक्या बंद होतात. हा नियम आमच्या घरमालकीण अम्मांचा आहे. खालून त्यांचा आवाज येतो, "कोसु वरुम!" म्हणजे डास येतील. आवाज आला की पूर्ण इमारतीत खडखड करत सरकत्या काचा लागतात. मीही लावते. आणि आमच्या बाल्कनीच्या खिडकीच्या चौकटीतून, इंटरनेट कंपनीच्या डबीपासून राउटरपर्यंत, एक पांढरी केबल आत येते.

मी उठून खिडकी उघडली. केबलवर अ‍ॅल्युमिनियमच्या कडेची खोल वळ उठली होती. आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या पिळलेल्या. चारही जोड्या धड असतील तर गिगाबिटची गती मिळते, दोनच धड असतील तर मशीन गुपचूप शंभर मेगाबिटवर उतरतं, आणि एखादी तार कधी टेकते कधी सुटते अशी असेल तर लिंक चालू-बंद होत राहते. उघडी खिडकी, तार टेकलेली. बंद खिडकी, तार सुटलेली. मी मांडीवर लॅपटॉप घेऊन पाच वेळा खिडकी उघड-बंद केली. पाचही वेळा लॉगमध्ये ओळ आली. इतका आनंद मला बारावीच्या निकालाला झाला नव्हता.

पण मग दोन वर्षं कसं चाललं? रात्री दादाला फोन केला. तो खडबडून जागा झाला आणि म्हणाला, "अगं, त्या खिडकीच्या खाचेत मी एक फडकं कोंबलं होतं. काच पूर्ण लागू नये म्हणून. ते कुठंय?"

ते फडकं मी तो गेल्यावर साफसफाई करताना काढलं होतं. मळकट होतं. धुऊन, वाळवून, घडी घालून कपाटात ठेवलं होतं.

यावर तो काही बोलला नाही. मीही बोलले नाही. नवीन केबल जवळच्या दुकानातून आणली, ती स्वयंपाकघराच्या झरोक्यातून आत घेतली. खिडकी आता अम्मांच्या आज्ञेप्रमाणे घट्ट लागते.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आजीचा कॉल दुसऱ्या दिवशीही अडखळला. तुटला नाही, पण मी बोललेलं तिला दीड-दोन सेकंदांनी पोचायचं, आम्ही दोघी एकाच वेळी बोलायचो आणि एकाच वेळी थांबायचो. राउटरच्या आज्ञा चालवून बघितल्या. चुका शून्य, नकार शून्य, लॉग कोरा. पिंग मात्र एरवी वीस मिलिसेकंदांत येतं ते हजाराच्या वर.

हा दुसरा आजार पहिल्याच्या बरोबर उलटा निघाला. पहिल्यात जागा नाही अशी बोंब होती. दुसऱ्यात जागा फार होती.

झालं असं की दादा रोज संध्याकाळी तिकडून कारखान्याचे, डोंगरांचे, किमचीचे फोटो माझ्या मोबाइलवर पाठवत होता, आणि माझा मोबाइल ते इमानदारीत वर चढवून साठवत होता. वर चढवताना पाकिटं कुठेतरी थांबतात: राउटरमध्ये, इंटरनेटच्या डबीत. डबीत एक मेगाबाइट इतकी साठवण असेल आणि गती दहा मेगाबिट, तर ती भरली की शेवटच्या पाकिटाला आठ-दशांश सेकंद नुसतं रांगेत उभं राहावं लागतं. माझा आवाज त्या फोटोंच्या मागे उभा होता. फोनवरच्या बोलण्यात एका बाजूनं दीडशे मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर माणसाला जाणवत नाही, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं जुनं मार्गदर्शन आहे. चारशेच्या पुढे संभाषण म्हणजे पोलिसांचा वॉकीटॉकी.

या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात, सुजलेला बफर. जिम गेटिस नावाच्या अमेरिकी प्रोग्रॅमरला हे २०१०च्या सुमारास स्वतःच्या घरात सापडलं. घरून मोठ्या फायली पाठवताना सगळं इंटरनेट लोळागोळा व्हायचं. मेमरी स्वस्त झाली म्हणून कंपन्यांनी डब्यांमध्ये भरमसाट साठवण टाकली, एकही पाकीट वाया जाऊ नये म्हणून. पण टीसीपी, म्हणजे इंटरनेटवरची बहुतेक वाहतूक ज्या नियमानं चालते तो नियम, पाकीट हरवलं की मगच समजतो, पुढे गर्दी आहे, हळू चाला. पाकीट हरवूच दिलं नाही तर त्याला कळतच नाही. तो ढकलत राहतो.

हे शहाणपण आलं त्याची कथाही याच बर्कलीची आहे. ऑक्टोबर १९८६मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यामधल्या लाइनची गती सेकंदाला ३२,००० बिटवरून ४० बिटवर आली. अंतर अवघं चारशे यार्ड. चिठ्ठी घेऊन माणूस चालत गेला असता तर लवकर पोचला असता. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा छडा लावला, गर्दी दिसली की पाठवणाऱ्यानं स्वतः हळू व्हायचं हे टीसीपीला शिकवलं आणि १९८८मध्ये त्यावर निबंध लिहिला. पुढे २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनीच सुजलेल्या बफरवर कोडेल नावाचा उपाय काढला. रांग किती लांब आहे हे तो बघत नाही. पाकीट रांगेत किती वेळ उभं आहे ते बघतो. उशीर पाच मिलिसेकंदांच्या वर शंभरेक मिलिसेकंद टिकून राहिला, तर तो एखादं पाकीट मुद्दाम टाकून देतो. तेवढ्यानं पाठवणाऱ्याला इशारा मिळतो.

आमच्या घरापासून थोड्या अंतरावर चेंबरंबाक्कम तलाव आहे. चेन्नईला पाणी पुरवणारा. डिसेंबर २०१५च्या अतिवृष्टीत तो आधीच जवळजवळ भरलेला होता, वरून आणखी पाऊस आला, आणि मग एकदम मोठं पाणी अडयार नदीत सोडावं लागलं. पुढचा पूर सगळ्यांना आठवतो. अम्मा अजून त्या रात्रीबद्दल बोलतात. भरलेला तलाव पाऊस सोसू शकत नाही, हे त्या पंप चालू करता करता सांगतात, मला कोडेलचा निबंध वाचायला नको होता.

दादाच्या मशीनमध्ये कोडेलचीच पुढची पिढी आधीपासून होती, प्रत्येकाची वेगळी रांग ठेवणारी, म्हणजे फोटोंची रांग वेगळी आणि आजीची वेगळी. फक्त चालू केलेली नव्हती. चालू करताना एक युक्ती करावी लागते: अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष गतीपेक्षा थोडी कमी लिहायची. मी दहाच्या जागी नऊ लिहिलं. मग रांग कंपनीच्या डबीत न लागता आपल्या राउटरमध्ये लागते, जिथे आपला हुकूम चालतो. फोटो चढत असताना पिंग हजारावरून तीसवर आलं. (घाईत मी रांगेची लांबीही अगदी कमी करून बघितली, तर पडद्यावर लगेच आपली जुनी मैत्रीण: नो बफर स्पेस अव्हेलेबल. ती जशी होती तशी परत केली.)

तुमच्याकडे युनिक्सचा राउटर नसेल, दुकानातला पांढरा डबा असेल, तरी यातलं बरंचसं चालतं. कॉल तुटला की आधी घरातल्या घरात राउटरला पिंग मारा, मग बाहेर. घरातच अडत असेल तर कंपनीला शिव्या देऊ नका. बंद-चालू करायच्या आधी दिव्यांचा आणि वेळेचा फोटो काढून ठेवा. केबल कुठून कुठे जाते ते एकदा हातानं चाचपत जा, सोफ्याच्या पायाखाली, दाराच्या फटीत. आणि डब्याच्या सेटिंगमध्ये 'क्यूओएस' किंवा 'एसक्यूएम' असं काही दिसलं तर ते चालू करून बघा, अपलोडची गती मोजून थोडी कमी लिहा.

त्या रात्री मी आठच्या पाच मिनिटं आधीच आईला कॉल लावला. आजी जपमाळ घेऊन बसली होती. मोबाइल तिच्यासमोर धरल्यावर तिनं आधी चष्मा शोधला, मग माझ्याकडे नीट बघितलं.

"आता तोंड हलायलंय बघ तुझं," ती म्हणाली. "काय झालतं?"

मी खिडकीची, केबलची, फडक्याची सगळी गोष्ट सांगितली. बफर आणि कोडेल वगळून. ती ओठ वाचत होती, मधे मधे मान हलवत होती.

"फडकं धुतलंस ते बरं केलंस," म्हणाली. "दादा तिकडं काय खायलाय?"

मी किमची म्हटलं. ते तिला काही केल्या ओठांवरून कळेना. शेवटी कोबीचं लोणचं म्हटलं.